बिल माझं, पत त्यांची

आज गुरुवार, म्हणजे आमच्या भोसरी एमआयडीसीत सुट्टी. मशिनं बंद असली की शॉपमध्ये जी शांतता असते ती मला अजून सवयीची झाली नाहीये, आणि या शांततेत आठवडाभर टाळलेली कामं एकेक करून समोर येऊन बसतात. त्यातलं सगळ्यात कंटाळवाणं म्हणजे बँकेला द्यायचं स्टॉक स्टेटमेंट. ते भरता भरता डोक्यात जे काय चाललं होतं ते इथे लिहून टाकतोय, सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेचं फिरतं कर्ज) लिमिट, बिल डिस्काउंटिंग म्हणजे बिल मुदतीआधी विकून पैसे घेणं, ते ज्या ऑनलाइन सिस्टीमवर होतं ते ट्रेड्स वगैरे. ज्यांचा धंद्याशी संबंध नाही त्यांना बोअर होईल, पण ज्यांचं नव्वद दिवसांचं पेमेंट अडकलंय ते शेवटपर्यंत वाचतील याची खात्री आहे.

आधी आमचं काय आहे ते सांगतो. चार सीएनसी, दोन व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं), पंपाचे आणि व्हॉल्व्हचे पार्ट. आमच्या अण्णांनी एका सेकंडहँड लेथवर सुरू केलं होतं. अण्णांच्या काळात बँक म्हणजे बँकेतला माणूस. मॅनेजर साहेब गणपतीच्या आरतीला शॉपमध्ये यायचे, मशीनकडे बघायचे, बार, म्हणजे कच्चा माल, किती पडलाय ते बघायचे, चहा प्यायचे आणि तेवढ्यावर त्यांना कळायचं की या माणसाला अजून दोन लाख द्यायचे का नाही. त्यात वशिलाही चालायचा हे खरं, उगाच जुनं ते सोनं म्हणायचं नाहीये मला. ज्याच्याकडे मॅनेजर चहाला यायचा नाही त्याचं काय व्हायचं हे अण्णांनी कधी सांगितलं नाही.

आता माझ्या रिलेशनशिप मॅनेजरचा चेहरा मी एकदा पाहिलाय. त्यानंतर तीन बदलले. प्रत्येक जण फोन करून "सर, मी तुमचा नवीन आरएम" म्हणतो, आधी माझ्याबद्दल सगळं विचारून घेतो आणि मग इन्शुरन्स पॉलिसी विकायला बघतो. लिमिट वाढवून द्यायचं म्हटलं की मात्र "सिस्टीम अलाऊ करत नाहीये सर".

तर मूळ दुखणं. बाहेरच्यांना वाटतं छोट्या कारखान्याला ऑर्डर नसते म्हणून तो बुडतो. अहो ऑर्डर असतेच, उलट ऑर्डर वाढली की जास्त बुडतो. कसं ते सांगतो. समजा मी ८ लाखांचा माल दिला, त्यावर १८ टक्के जीएसटी, बिल झालं ९ लाख ४४ हजारांचं. कस्टमर ९० दिवसांनी देणार. स्टीलवाला मला १५ दिवसांच्या वर उधारी देत नाही, पगार महिन्याच्या ७ तारखेला, लाइट बिलाला कोणाची दया नाही. आणि जीएसटी? तो तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचाच, कस्टमरने मला पैसे दिलेत का नाही हे सरकार विचारत नाही. कच्च्या मालावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा करूनसुद्धा जो आकडा उरतो तो मी अजून न मिळालेल्या पैशांवर भरतो. म्हणजे कस्टमरला उधारी मी देतोय, आणि त्याच्या वाटचा टॅक्स पण आधी मीच भरतोय. ऑर्डर डबल झाली की हे सगळं डबल.

मग म्हणाल सीसी कशाला आहे. सीसी आहे, पण सीसीचं लिमिट वेगळं आणि त्यातले किती वापरायला मिळणार ते वेगळं, त्याला डीपी म्हणतात, ड्रॉइंग पॉवर. दर महिन्याला स्टॉक किती, येणं किती, देणं किती ते लिहून द्यायचं, त्यातून बँक २५ टक्के मार्जिन कापते आणि उरलेल्यावर डीपी काढते. यात गंमत अशी की ९० दिवसांच्या वरची येणी बँक धरतच नाही. म्हणजे कस्टमरने उशीर केला की पैसे तर आले नाहीतच, वर तो बिलाचा आकडा ९१व्या दिवशी डीपीतून पण गायब. जेव्हा सगळ्यात जास्त गरज तेव्हाच लिमिट आकसतं. हे ज्याने डिझाइन केलं त्याने कधी पगारवाटपाची ७ तारीख पाहिली नसणार.

कायद्याचं म्हणाल तर कायदा आपल्याच बाजूने आहे, आणि आजचा नाही, २००६ चा आहे. एमएसएमईडी कायदा, सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा (त्यांनाच एमएसएमई म्हणतात). लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या पुढे पेमेंट नेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज आणि ते पण दर महिन्याला चक्रवाढ. माल घेतल्यावर १५ दिवसांत लेखी तक्रार केली नाही तर माल स्वीकारला असंच धरायचं, हे पण त्यात आहे. २०१७ मध्ये समाधान नावाचं पोर्टल आलं, तेव्हापासून ऑनलाइन तक्रार करता येते. तक्रार ऐकणाऱ्या सरकारी कौन्सिलने आपल्या बाजूने निकाल दिला तर कंपनीला अपिलात जायला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. वाचायला एकदम भारी वाटतं ना? पण आमच्या ब्लॉकमध्ये मी एकही माणूस बघितला नाही ज्याने चालू कस्टमरवर तक्रार टाकली. तक्रार करतो तो एक तर धंदा बंद करणारा किंवा त्या कस्टमरशी फाटलेला. कारण सिंपल आहे, व्याज एकदा मिळेल पण व्हेंडर कोड, म्हणजे त्यांच्या सप्लायरच्या यादीतला माझा नंबर, कायमचा ब्लॉक होईल.

आणि ४५ दिवस मोजायचे कुठून ही पण एक कला आहे. माल गेटवर गेला, चलनवर शिक्का पडला, पण जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची त्यांच्याकडची नोंद, होत नाही. क्वालिटीवाला सुट्टीवर, सिस्टीम डाउन, ऑडिट चालू. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवस जीआरएनपासून मोजतात. माझा माल तिथे दहा दिवस पडलेला, कधी कधी तर असेंब्लीला लागून पण गेलेला, आणि कागदावर तो अजून आलेलाच नाही.

खरा धक्का बसला तो २०२४ च्या मार्चमध्ये. इन्कम टॅक्सचं ते ४३बी(एच) कलम आलं होतं, म्हणजे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं पेमेंट ४५ दिवसांच्या आत केलं नाही तर तो खर्च त्या वर्षी धरता येणार नाही, ज्या वर्षी खरंच पैसे द्याल त्या वर्षी धरा. आता हे कसं लागलं बघा, २००६ पासून तिप्पट व्याजाची भीती दाखवून जे झालं नाही ते स्वतःचा टॅक्स वाढतोय म्हटल्यावर चार आठवड्यांत झालं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बँकेचे मेसेज यायला लागले, टिंग टिंग, जुनी जुनी बिलं, काही तर मी मनातून सोडून दिलेली. बायकोला वाटलं लॉटरी लागली.

पण त्याच महिन्यात दुसऱ्या एका कस्टमरच्या परचेसवाल्याचा फोन. फार गोड आवाजात, "तुम्ही बिलावर तो उद्यम नंबर टाकता ना, तो नाही टाकला तर चालेल का?" उद्यम नंबर म्हणजे आपण एमएसएमई आहोत याचा सरकारी रजिस्ट्रेशन नंबर. म्हटलं का हो? "नाही, आमच्या अकाउंट्सला जरा सोपं पडेल." नंतर कळलं अशी पत्रंच फिरत होती, आम्ही एमएसएमई नाही असं लिहून द्या म्हणून. काही ठिकाणी तर ऑर्डरच मिडियम साइजच्या व्हेंडरकडे वळल्या, कारण मध्यम उद्योगांना हे कलम लागत नाही. व्यापाऱ्यांना पण नाही लागत, त्यांचं उद्यम रजिस्ट्रेशन फक्त प्रायॉरिटी सेक्टरच्या (बँकांना ठरावीक प्रमाणात द्यावीच लागतात त्या) कर्जापुरतं. म्हणजे संरक्षण आपल्याला मिळालं आणि त्या संरक्षणामुळेच आपण महाग झालो. मी नंबर काढला नाही. फार शूर आहे म्हणून नाही, तर ई-इनव्हॉइसचं टेम्प्लेट बदलायला सॉफ्टवेअरवाला दोन हजार मागत होता.

आता ट्रेड्स. लिहितात टीआरईडीएस, लांब नाव ट्रेड रिसीव्हेबल्स डिस्काउंटिंग सिस्टीम. रिझर्व्ह बँकेने २०१४ च्या डिसेंबरात याचे नियम काढले आणि २०१७ मध्ये प्रत्यक्ष सुरू झालं. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट ही पहिली तीन नावं. आरएक्सआयएल तर सिडबी (छोट्या उद्योगांसाठीची बँक) आणि एनएसई (शेअर बाजार) यांनी मिळून काढलेलं. म्हणजे कल्पनाच शेअर बाजारातली आहे, फक्त शेअरच्या जागी माझं बिल. बिल अपलोड होतं, कस्टमर "हो, हे पैसे मी अमुक तारखेला देणार आहे" असं ऑनलाइन मान्य करतो, मग त्या बिलावर बँका आणि एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपन्या, बोली लावतात, ज्याचं व्याज कमी त्याला मी बिल देतो, आणि एक-दोन दिवसांत पैसे खात्यात. ड्यू डेटला कस्टमरच्या खात्यातून नॅचने, म्हणजे ऑटो-डेबिटने, रक्कम थेट त्या बँकेला जाते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कस्टमरने पैसे बुडवले तर ती बँक माझ्या मागे येत नाही. विदाउट रिकोर्स. अण्णांना हे समजवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. त्यांचं एकच म्हणणं, "बुडलं तर आपल्याला नाही विचारणार? मग त्यांना काय पडलंय?"

बरोबर प्रश्न आहे. त्यांना काय पडलंय, तर एक म्हणजे ते माझ्याकडे बघतच नाहीत. बघतात कस्टमरकडे. बोली लावणाऱ्याला माझा सिबिल, माझं फ्लॅटचं मॉर्गेज, माझ्या बायकोची गॅरंटी यातलं काही नको असतं, त्याला एवढंच बघायचं असतं की ड्यू डेटला ही कंपनी पैसे भरेल का. दुसरं म्हणजे बँकांना त्यांच्या कर्जातली ४० टक्के कर्जं प्रायॉरिटी सेक्टरला द्यावी लागतात, त्यात सूक्ष्म उद्योगांसाठी वेगळं साडेसात टक्क्यांचं टार्गेट, आणि ट्रेड्सवर घेतलेलं बिल त्यात धरलं जातं. म्हणजे माझ्यासारख्याचं कर्ज पाहिजे पण माझी रिस्क नको, यापेक्षा चांगला माल बँकेला कुठे मिळणार. क्वार्टर संपत आलं की बोली जरा गोड होते असं माझं निरीक्षण आहे, फक्त माझ्या बिलांपुरतं हां, यावर कोणी पीएचडी करू नये.

पहिल्यांदा बिल लावलं तो दिवस मला चांगला आठवतोय. वर सांगितलं तसंच ९ लाख ४४ हजारांचं बिल, ७५ दिवस बाकी. मी मोबाईल घेऊन व्हीएमसीच्या बाजूला उभा, ऑपरेटर विचारतोय शेठ मॅच बघताय का. पहिली बोली ८.९, मग ८.४, मग ८.१ ला थांबलं. हिशोब केला, ७५ दिवसांचे साधारण १५ हजार ७०० कापले गेले, प्लॅटफॉर्मची फी वेगळी, ती किरकोळ. हेच मी आधी ज्या खाजगी फायनान्सवाल्याकडे करायचो तो महिन्याला दीड टक्का घ्यायचा, म्हणजे त्याच बिलाचे ३५ हजारांच्या वर, आणि वर कोरे चेक. मी त्या दिवशी जिंदगीत पहिल्यांदा पाहिलं की माझ्या कागदासाठी बँका आपापसात भांडतायत. भारी वाटलं राव. नंतर लक्षात आलं की भांडण माझ्या कागदासाठी नाही, त्यावर ज्याने हो म्हटलंय त्याच्या नावासाठी आहे.

पण तिथपर्यंत पोचायला मला पाच महिने लागले होते हे कोणी सांगत नाही. कारण माझी सीसी जिथे आहे त्या बँकेचा माझ्या सगळ्या येण्यांवर आधीच चार्ज, म्हणजे तारणाचा हक्क. ती येणी दुसऱ्याला विकायची तर त्यांची एनओसी पाहिजे. एनओसीसाठी ब्रँचला गेलो तर ब्रँच म्हणे हे क्रेडिट हबचं काम, हबवाले म्हणे आरएमकडून येऊ दे, आरएम बदललेला. नव्या आरएमने विचारलं, "सर ट्रेड्स म्हणजे तुम्ही शेअर मार्केट करता का?" मी फोन ठेवला आणि बाहेर जाऊन चहा प्यालो. गंमत म्हणजे त्याच बँकेचं दुसरं डिपार्टमेंट त्याच प्लॅटफॉर्मवर बोली लावत होतं. शेवटी आमच्या सीएने एक कडक मेल टाकला, तेव्हा कुठे पत्र निघालं, तेही एकाच कस्टमरपुरतं.

आणि एनओसी मिळाल्यावर पण हिशोब वाटतो तेवढा सोपा नाही. बिल विकलं म्हणजे ते येण्यांच्या यादीतून गेलं, म्हणजे डीपी तेवढा खाली. हातात ९ लाखाच्या वर आले पण सीसीतले ७ लाख वापरायचे बंद झाले. तर खरा फायदा मधल्या फरकाचा, व्याजातल्या फरकाचा आणि ९० दिवसांची टांगती तलवार गेली त्याचा. नवीन लोकांना वाटतं ट्रेड्सचे पैसे म्हणजे एक्स्ट्रा पैसे. नाही हो, तुमचेच आहेत, फक्त लवकर आलेत. जे ९० च्या पुढे जाणारच होतं ते बिल ट्रेड्सला लावा, जे वेळेवर येतंय ते सीसीत राहू द्या, हे शहाणपण मला तीन महिने ओढाताण झाल्यावर आलं.

आता मला खरं जे म्हणायचंय ते. हल्ली सगळीकडे चाललंय की छोट्या उद्योगांचं बँकिंग बदललं, डेटावर लोन, जीएसटी रिटर्नवर लोन, अकाउंट अ‍ॅग्रिगेटरवरून दहा मिनिटांत सॅन्क्शन. त्यात तथ्य आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांची फ्लोटिंग कर्जं १ ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेच्या रेपो किंवा तसल्या बाहेरच्या दराला जोडली गेली, त्यामुळे २०२५ मध्ये रेपो उतरला तसा माझा सीसीचा रेट मला भांडायला न लागता खाली आला, हे अण्णांच्या काळात स्वप्नात पण नव्हतं. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा रिन्यू होणाऱ्या अशा कर्जांना मुदतीआधी फेडल्याचा दंड पण नाही. चांगलंय. पण या सगळ्यात जो मुळात उशिरा पैसे देतो त्याच्या केसालाही धक्का लागलेला नाही. उलट त्याला सोय झालीये.

कशी ते बघा. मागच्या वर्षी एका कस्टमरशी रेट ठरवायला बसलो होतो. पेमेंट टर्म ६० वरून १२० दिवस. म्हटलं साहेब १२० दिवस कसे परवडणार, आणि ४५ दिवसांचा कायदा आहे. तर परचेसचे सर हसून म्हणतात, "अहो आता आपण ट्रेड्सवर आहोत ना, तुम्हाला तर दोन दिवसांत पैसे मिळणार, मग आमचे १२० असले काय नि १८० असले काय." आणि व्याज? "ते तुमच्या साइडला." म्हणजे उधारी त्यांना पाहिजे, व्याज मी भरणार, रेट मात्र गेल्या वर्षीचाच. हा सरळ सरळ डिस्काउंट आहे, फक्त पीओवर, म्हणजे ऑर्डरच्या कागदावर, लिहिलेला नाही. मी टर्म १२० केली पण रेटमध्ये सव्वा टक्का वाढवून मागितला आणि पाऊण मिळाला. ज्यांना कोणाला अशी बोलणी करायचीत त्यांना एकच सांगतो, वाढलेल्या दिवसांचं व्याज आधी कागदावर काढून घेऊन जा, तिथे बसून मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढला की गेम गेली.

सरकारने कंपन्यांना ट्रेड्सवर यायला भाग पाडलंय हे खरं. आधी ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना, मग २०२४ च्या नोव्हेंबरात ते २५० कोटींवर आणलं, ३१ मार्च २०२५ पर्यंत या म्हणून. कंपन्या आल्या पण. रजिस्टर झाल्या. पण सक्ती रजिस्टर व्हायची आहे, माझं बिल मान्य करायची नाही. माझे पाच कस्टमर ट्रेड्सवर आहेत, त्यातले दोनच बटण दाबतात. बाकीच्यांना विचारलं तर "आमची पॉलिसी अजून फायनल नाही". सगळं त्या बटणावर अडलंय. कस्टमरने "मान्य" म्हटलं की माझं बिल सोनं, नाही म्हटलं तर तो नुसता छापील कागद, बँका ढुंकून बघत नाहीत. आणि ते बटण न दाबायला काही कारण पण लागत नाही. माल पंधरा दिवसांनी मान्य धरायची कायद्यात सोय आहे ना, मग ट्रेड्सवर पण तसंच करा की, पंधरा दिवसांत हरकत घेतली नाही तर बिल मान्य. एवढी एक गोष्ट झाली तर बाकीचे दहा अ‍ॅप नाही आले तरी चालतील मला.

अण्णा आता शॉपमध्ये फारसे येत नाहीत, पण परवा आले होते, मी त्यांना स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा सरकवून बघितलं, आणि विचारलं, यात आपलं नाव कुठंय? मी दाखवलं, खाली, छोट्या अक्षरात, सेलर म्हणून. वर मोठ्या अक्षरात कस्टमरचं. ते काही बोलले नाहीत, उठून नवीन आलेला बार बघायला गेले.

स्टॉक स्टेटमेंट अजून अर्धंच झालंय. साडेसहा लाखांचं एक बिल अपलोड करून आज अकरा दिवस झाले, स्टेटस "पेंडिंग विथ बायर". मगाशी त्यांच्या अकाउंट्सच्या मॅडमना फोन केला, सुट्टीच्या दिवशी नको वाटत होतं पण केला. मॅडम बिचाऱ्या चांगल्या आहेत. म्हणाल्या, मेकरने कधीच टाकलंय हो, चेकर बाकी आहेत. मेकर म्हणजे एंट्री टाकणारा, चेकर म्हणजे ती मंजूर करणारा. म्हटलं मग चेकरना सांगा की. तर म्हणे सर पायी शिर्डीला गेलेत, सोमवारी येतील, आणि ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर जातो.